एकाच काळ्या पाषाणातून मुळशीत तांबडी आणि दौंडला काळी माती कशी तयार होते?

पौडरस्ता यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहतो. आमची वडिलोपार्जित शेती दौंड तालुक्यात, भीमेच्या पात्रापासून दोन किलोमीटर अलीकडे आहे, आणि आईच्या वाट्याला आलेली दीड एकर जमीन मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या वाटेवर आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन एकाच आठवड्यात दोन्हीकडे जाणे झाले. दौंडच्या रानात तेव्हा भेगा पडल्या होत्या. मुलीने एका भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला, आणि बांगडी अडकेल म्हणून मी तिला थांबवले. मुळशीत गेलो तर माती विटेच्या भुकटीसारखी तांबडी, ओंजळीत घेतली की बोटांमधून सुटणारी, आणि सगळ्या रानात नाव घ्यायलाही एक भेग नाही.

दोन्ही ठिकाणी विहीर खणताना खाली लागला तो मात्र एकच काळा पाषाण, हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. मुलगी यंदा नववीत आहे. बेसॉल्ट खडकाची झीज होऊन काळी माती तयार होते, असे ती शिकली आहे. तिने मला विचारले, “मग आजीच्या रानातला दगड काळा असून माती तांबडी का?” मला उत्तर देता आले नाही.

यालाच जोडून दोन व्यवहारातले प्रश्न आहेत. मुळशीची जमीन उताराची आहे. खालच्या दोन खाचरांत भात होतो, वरचा भाग पडीक आहे, तिथे आंबा लावावा असे मनात आहे. दौंडला ऊस आहे, पण गेल्या तीन वर्षांपासून सखल कोपऱ्यात हिवाळ्यात बांधालगत पांढरा थर दिसतो आणि तेवढ्या भागातला ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. हा मातीचा मूळ गुण समजायचा की आमच्या हातून काही चुकले आहे? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

मृदगंध यांचे उत्तर

मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुमच्या मुलीने जे विचारले आहे ते आम्ही पदवीच्या वर्गात मुद्दाम विचारत असू, कारण पुणे जिल्ह्याइतके चांगले उदाहरण दुसरीकडे सहज सापडत नाही. खडक हा मातीचा कच्चा माल आहे. त्या मालाचे काय होणार हे प्रामुख्याने पाणी ठरवते. पाणी किती पडते आणि पडल्यावर ते जाते कुठे, या दोन गोष्टी समजल्या की तुमच्या दोन्ही रानांचा उलगडा होतो.

आपल्या पायाखालचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांमधून तयार झाला, आणि आजही त्याने दख्खनचा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. या खडकात लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर असते. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे ते पाणी सौम्य आम्लासारखे वागते आणि खडकातली खनिजे हळूहळू फोडत जाते. इथपर्यंतची क्रिया मुळशीत आणि दौंडला सारखीच घडते. वाटा फुटतात त्या यानंतर.

ताम्हिणी घाटात एका वर्षात ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेल्याची वर्षे आहेत. पुणे शहरात सरासरी ७०० च्या आसपास पाऊस होतो आणि दौंड-इंदापूरकडे तो ५०० च्या आसपास उतरतो. म्हणजे जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस दहा-बारा पटींनी कमी होतो. मुळशीच्या उतारावर इतके पाणी मातीतून झिरपून वाहून जाते की, खडकातून सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम ते बरोबर घेऊन जाते, एवढेच नव्हे तर बरीचशी सिलिकाही धुऊन नेते. मागे उरतात ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची न विरघळणारी संयुगे आणि केओलिनाइट नावाची चिकणमाती. लोहाला हवा मिळाली की ते गंजते आणि माती तांबडी होते. केओलिनाइट पाण्याने फुगत नाही आणि वाळल्यावर आक्रसतही नाही, म्हणून तुमच्या मुलीला तिथे भेग दिसली नाही.

दौंडला पाऊस कमी, जमीन सपाट आणि उन्हाळा कडक. सुटलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिथेच राहते, सिलिकाही राहते, आणि त्यांच्या संगतीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती बनते. तिचे कण एकावर एक ठेवलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांसारखे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, तेव्हा माती फुगते. पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती वाऱ्याने, गुरांच्या खुरांनी त्या भेगांत पडत राहते. पावसाळ्यात खालची माती फुगू लागली की तिला जागा पुरत नाही, मग ती तिरपी वर सरकते. तुमच्या रानात कधी चार-पाच फुटांचा चर खणला तर भिंतीत तिरके, चकाकणारे, हाताला गुळगुळीत लागणारे पृष्ठभाग दिसतील; मातीवर माती घासून ते तयार होतात. या घुसळणीमुळे काळी जमीन स्वतःच स्वतःची नांगरट करते असे म्हणतात, आणि याच घुसळणीमुळे भारी काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांच्या भिंतींना तडे जातात.

काळ्या रंगाबद्दल एक समज मात्र दूर करायला हवा. माती काळी आहे म्हणजे ती सेंद्रिय पदार्थांनी भरलेली आहे, असे अनेक शेतकरी मानतात आणि खत घालणे टाळतात. वस्तुतः आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमी असतो. टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटसारखी गडद खनिजे आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेला थोडासाच ह्यूमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय अंश, एवढ्यामुळे हा रंग येतो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब यांची काळ्या जमिनीलाही तितकीच गरज असते.

पाऊस सारखा असला तरी उतारामुळे माती बदलते, हे तर एका गावाच्या शिवारातही दिसते. पुरंदरमध्ये टेकडीच्या माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, मधल्या उतारावर मध्यम जमीन आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी. माथ्यावरून सुटलेले क्षार आणि बारीक कण पाण्याबरोबर खाली येतात आणि सखल भागात साठतात. सासवडकडची अंजिरे आणि सीताफळे त्या मधल्या, निचऱ्याच्या जमिनीवर पिकतात. तेच झाड ओढ्याकाठच्या भारी जमिनीत लावले तर पावसाळ्यात मुळे गुदमरतात.

हे सारे सांगून झाल्यावर खडकाचाही वाटा मान्य केला पाहिजे. सह्याद्रीच्या भर पावसाच्या भागातही काही ठिकाणी फुगणारी, कॅल्शियम टिकवून धरलेली माती आढळते, आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचे कारण बेसॉल्टमधल्या झिओलाइट खनिजांत शोधले. ही खनिजे झिजताना कॅल्शियम पुरवत राहतात, त्यामुळे पावसाने धुऊन नेलेले काही अंशी भरून निघते. वाघोलीच्या दगडखाणींत खडकाच्या पोकळ्यांमध्ये जे पांढरे, चमकदार स्फटिक मिळतात, त्यांत याच कुळातली खनिजे असतात. मुलीला ते जरूर दाखवा.

पिकांच्या बाबतीत, दौंडची जमीन तुमचा पाण्याचा हौद आहे असे समजा. एक मीटर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे पावसाचा थेंब न पडताही हुरड्याला येते ती या ओलीवर. मात्र या जमिनीत वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल, थोडा काळच टिकतो. ओली असताना औत घातले तर ढेकळे निघतात आणि वाळल्यावर फाळ शिरत नाही, म्हणून ते चार दिवस साधावे लागतात. मुळशीच्या मातीत पाणी थांबत नाही. खाचरात चिखलणी करून आपण मातीचे कण मोडतो आणि पाणी अडवतो, तेव्हा तिथे इंद्रायणी किंवा आंबेमोहोर उभा राहतो. वरच्या वरकस उतारावर पूर्वी नाचणी आणि वरई घेत, ते या मातीची मर्यादा ओळखूनच.

जांभ्याची वाट यांचे उत्तर

मृदगंध सरांनी नेमके सांगितले आहे. मी मूळचा रत्नागिरीचा, नोकरीसाठी पुण्यात आहे. तांबड्या मातीविषयी एक भेद स्पष्ट करावा असे वाटते, कारण शहरात प्रत्येक तांबड्या मातीला लोक सरसकट जांभी म्हणतात.

कोकणात ही धुऊन नेण्याची क्रिया इतका प्रदीर्घ काळ चालली की शेवटी लोह आणि ॲल्युमिनियमचे दगडी कवचच तयार झाले, तोच जांभा. भूशास्त्रात त्याला जे लॅटेराइट नाव आहे ते फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगाडीपुरमच्या दगडावरून दिले. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ वीट असा आहे. हे नाव किती योग्य आहे ते चिरेखाणीत उभे राहिल्यावर कळते. खालून नुकताच काढलेला चिरा ओलसर आणि इतका मऊ असतो की तो तासून सरळ करता येतो, आणि काही महिने उघड्यावर राहिला की असा टणक होतो की घराच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात. घाटमाथ्यावर महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरही जांभ्याची टोपी आहे. जिथे सिलिका जवळजवळ पूर्ण निघून गेली तिथे ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढून बॉक्साइट तयार झाले, आणि म्हणूनच कोल्हापूर-रत्नागिरीच्या पठारांवर त्याच्या खाणी आहेत.

तुमची मुळशीची जमीन मात्र तुम्ही वर्णन करता त्यावरून बेसॉल्टवर तयार झालेली तांबूस माती दिसते, अस्सल जांभा नव्हे. दक्षिणेत कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडूकडे आणि आपल्या पूर्व विदर्भाकडे जी तांबडी माती दिसते ती तर बेसॉल्टचीही नाही. ती ग्रॅनाइट आणि नाइस या जुन्या खडकांची आहे. रंग तिन्हींचा तांबडा, पण गुण वेगळे. ग्रॅनाइटची माती रेताड असते. तिच्यात भुईमूग आणि नाचणी चांगली येते, कारण शेंगा धरायला आणि उपटायला ती मोकळी असते.

आता आंब्याविषयी. हापूस कातळावर येतो हे खरे, पण तो आपोआप येत नाही. माझ्या वडिलांनी कातळ फोडून प्रत्येक कलमासाठी खड्डा काढला, त्यात दुसरीकडची माती आणि शेणखत भरले, आणि पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घातले. जांभ्याचा मोठा गुण असा की पावसाळ्यात मुळाशी पाणी साचत नाही, आणि पाऊस थांबल्यावर झाडाला जो ताण बसतो त्याने मोहोर येतो. त्यामुळे निचऱ्याच्या दृष्टीने तुमचा वरचा उतार आंब्याला चालेल. अडचण मातीची कमी आणि हवेची अधिक वाटते. घाटाजवळ मोहोराच्या दिवसांत धुके आणि ढगाळ हवा राहिली की भुरी आणि तुडतुडे यांचा त्रास होतो, आणि समुद्राकाठची उबदार हवा तिथे नाही. सगळ्या पडीक भागात एकदम लागवड करू नका. दहा-बारा कलमे लावून पाहा, आणि आसपास कोणाची जुनी झाडे असतील तर ती कधी मोहोरतात याची चौकशी करा. आम्लधर्मी तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, म्हणून स्फुरदयुक्त खत मातीभर पसरण्यापेक्षा खड्ड्यात, शेणखतात मिसळून द्यावे.

नीराकाठ यांचे उत्तर

पौडरस्ता, तुमच्या सखल कोपऱ्यातल्या पांढऱ्या थराविषयी मी अनुभवाने लिहितो. मी बारामती तालुक्यातला शेतकरी आहे आणि हेच दुखणे आमच्या दोन एकरांनी पंधरा वर्षे भोगले आहे.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आमच्याकडे १८८० च्या दशकात आले. त्याआधी या भागात बाजरी आणि रब्बी ज्वारी होती, आणि दुष्काळ पडला की माणसे गाव सोडून जात. कालव्याने आमच्या कितीतरी पिढ्या जगवल्या, तेव्हा पाण्याला दोष देणे मला पटत नाही. परंतु मृदगंध सरांनी सांगितलेली गोष्ट इथेच लागू होते. ही जमीन पाणी धरून ठेवणारी आहे. तिच्यात क्षार मुळातच खाली साठलेले आहेत, कारण त्यांना धुऊन नेण्याइतका पाऊस इथे पडतच नाही. आपण उसाला सऱ्या भरभरून पाणी देतो, खालची पाण्याची पातळी वर येते, आणि केसासारख्या बारीक छिद्रांतून ते पाणी क्षार घेऊन पृष्ठभागावर चढते. ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतात. तुमच्या बांधालगत हिवाळ्यात दिसतो तो हाच थर. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे जाते: गुण मातीचा आहे, आणि त्याला जागे करणारे पाणी आपण दिलेले आहे.

आता एक महत्त्वाचा फरक. पांढरा, मिठासारखा थर असेल, माती भुसभुशीत असेल आणि पीक पाणी असूनही सुकल्यासारखे दिसत असेल, तर जमीन खारवट आहे. जमीन वाळल्यावर दगडासारखी टणक होत असेल, पाणी आठ-आठ दिवस मुरत नसेल आणि साचलेले डबके निवळतच नसेल, तर ती चोपण आहे. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, तर चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना जाऊन चिकटलेला असतो आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साडेआठच्या वर जातो. पुष्कळ ठिकाणी दोन्ही दोष एकत्र असतात.

माझी चूक सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही. खतांच्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी माती न तपासताच ट्रॉलीभर जिप्सम टाकले. दोन हंगाम वाट पाहिली, काहीही फरक पडला नाही. नंतर तपासणी केली तेव्हा सामू ९.१ निघाला. म्हणजे जिप्सम हा उपाय चुकीचा नव्हता, पण त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून ढकलून काढतो आणि तो सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जावा लागतो. माझ्या शेतातून बाहेर जायला वाटच नव्हती. मग आम्ही तिघा शेजाऱ्यांनी मिळून ओढ्यापर्यंत चर काढला, शेतात जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकले, पुन्हा जिप्सम दिले, पावसाळ्यात बांध घालून पाणी मुरू दिले, आणि धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून ते फुलोऱ्यात येण्याआधी गाडला. दुसऱ्या वर्षी पाइपांच्या तोंडातून पडणारे पाणी मी जिभेला लावून पाहिले तेव्हा ते चांगलेच खारट होते, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री वाटली की जमीन सुटते आहे. चार वर्षांनी सामू ८.४ वर आला. मधल्या काळात तिथे गहू आणि कापूस घेतला, कारण ही पिके क्षार काही प्रमाणात सोसतात; कांदा आणि घेवडा मात्र अजिबात घेऊ नका. आता ऊस आहे, पण ठिबकवर.

जमिनीत चुनखडी खूप असेल तर जिप्समऐवजी गंधक आणि साखर कारखान्याची मळी अधिक उपयोगी ठरते, कारण गंधकापासून होणारे आम्ल जमिनीतलाच चुना विरघळवून कॅल्शियम मोकळा करते. मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर ती फसफसली तर चुना आहे असे समजा. घरी लिंबाचा रस टाकूनही चुना पुष्कळ असल्यास बारीक बुडबुडे दिसतात.

गावोगाव यांचे उत्तर

मी बँकेच्या कृषी कर्ज विभागात नोकरी केली आणि त्या निमित्ताने उत्तर प्रदेश, राजस्थान आणि केरळ या राज्यांत राहिलो. वरची चर्चा वाचताना जाणवले की आपण महाराष्ट्रातले लोक माती म्हटले की ती खालच्या खडकातूनच तयार झाली असणार असे गृहीत धरतो. देशाचा फार मोठा भाग असा नाही.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वर्गीकरणात गाळाची, काळी, तांबडी, जांभी, वाळवंटी, डोंगरी वनांची, क्षारयुक्त आणि दलदलीची असे आठ मुख्य प्रकार मानतात. त्यांत सर्वांत जास्त, म्हणजे देशाच्या सुमारे ४० टक्के भूभागावर, गाळाची माती आहे, आणि ती नद्यांनी वाहून आणलेली आहे. कानपूरच्या बाजूला मी एका शेतात कूपनलिका खोदताना पाहिली. शंभर फुटांवरही माती, वाळू, पुन्हा माती. खडकाचे नाव नाही. विहिरीला दहा-पंधरा फुटांवर सुरुंग लावायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ते दृश्य विलक्षण वाटले. तिथले शेतकरी नदीकाठच्या, पुराने दरवर्षी नवी होणाऱ्या मातीला खादर म्हणतात, आणि पुराच्या वर राहिलेल्या जुन्या, कंकर (चुनखडीचे खडे) असलेल्या मातीला बांगर. गहू, भात, ऊस ही सारी पिके त्यावर येतात, पण नत्राची उणीव तिथेही असतेच. तुमच्या कोपऱ्यातला पांढरा थर तिथे रेह या नावाने ओळखला जातो आणि त्याने नापीक झालेल्या जमिनीला ऊसर म्हणतात. हरियाणात कर्नाल येथे क्षारयुक्त जमिनींसाठी केंद्रीय संशोधन संस्था आहे, यावरून तो प्रश्न केवढा मोठा आहे हे समजावे.

राजस्थानात गंगानगरकडे याच्या उलट चित्र. पाऊस इतका कमी की माती धुतली जात नाही, म्हणून वाळूत अन्नद्रव्ये अगदीच नसतात असे नाही. नसते ते पाणी आणि ह्यूमस. कालवा आला आणि तिथे गहू, कापूस आणि किन्नू उभे राहिले. पण काही भागांत खालच्या कठीण थरावर पाणी तुंबून नीराकाठ यांनी सांगितलेलाच आजार पसरला. केरळात कुट्टनाडला समुद्रसपाटीपेक्षाही खालच्या, कुजलेल्या वनस्पतींनी काळ्या झालेल्या मातीत भात घेतात. तीही काळीच दिसते, पण ती तीव्र आम्लधर्मी असते, म्हणून शेतकरी तिला चुना देतात. आपल्या काळ्या जमिनीत चुना जास्त झाला म्हणून आपण काळजी करतो, आणि तिथे तो विकत आणून टाकतात. दोन्ही मातींचे फोटो शेजारी ठेवले तर रंगावरून भेद करणे कठीण जाईल.

मृदगंध यांचे उत्तर

गावोगाव यांनी वाहून आणलेल्या मातीचा मुद्दा काढला ते फार बरे झाले, कारण पौडरस्ता यांची दौंडची जमीन भीमेजवळ आहे आणि तिचा काही भाग नदीच्या जुन्या गाळाचा असण्याची शक्यता आहे. आपल्या नद्यांचे गाळही कमी बोलके नाहीत. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडी नदीच्या काठी गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. ती राख थेट सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची आहे. पुणे जिल्ह्यातल्या मातीत समुद्रापारची राख मिसळलेली आहे, हे मुलीला सांगितलेत तर तिला आवडेल.

नीराकाठ यांच्या सांगण्याला एवढेच जोडतो की खारवट आणि चोपण यांचा निर्णय नजरेवर सोडू नये. दौंडच्या सखल कोपऱ्याचा आणि चांगल्या भागाचा नमुना वेगवेगळा घ्या. एका भागात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्या, सगळी एकत्र मिसळा, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत तसेच करत राहा. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरू नका. क्षारांच्या तपासणीसाठी पांढरा थर वेगळा खरवडून घ्यावा आणि त्याखालच्या मातीचा नमुना निराळा द्यावा. मुळशीत आंब्यासाठी मात्र तीन फूट खोल खड्डा करून प्रत्येक फुटाचा वेगळा नमुना लागेल, कारण झाडाची मुळे वीतभर मातीवर थांबत नाहीत. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, चुनखडी आणि, दौंडसाठी, सोडियमचे प्रमाण एवढे लिहून मागा.

पौडरस्ता यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवारी मुलीला घेऊन पुन्हा दौंडला गेलो होतो. सखल कोपऱ्यात आदल्या पाळीचे पाणी पाच दिवसांनंतरही उभे होते आणि ते गढूळच होते. बांधाच्या बाजूला मात्र पांढरा थर मिठासारखा सुटत होता. नीराकाठ यांच्या वर्णनाप्रमाणे तिथे दोन्ही दोष असावेत असे वाटते. मुलीने लिंबू नेले होते. कोपऱ्यातल्या ढेकळावर पिळल्यावर बुडबुडे आले, आणि मुळशीच्या मातीच्या डबीत पिळले तेव्हा काहीच झाले नाही. आजीच्या रानातला चुना पावसाने नेला, हे तिने मला मृदगंध सरांचे उत्तर न पाहता समजावून सांगितले.

शेजारच्या शेतकऱ्याशी ओढ्यापर्यंतच्या चराविषयी बोलणे सुरू केले आहे, कारण चर त्याच्या बांधावरून जाईल. मुळशीचे तीन फुटी खड्डे या शनिवारी काढायचे आहेत. दौंडचे तीन नमुने सध्या घरात सावलीत कागदावर वाळत घातले आहेत. अहवाल मिळाल्यावर त्यातले आकडे इथेच लिहीन.